सपाट डोक्याची गोळी

माझ्या बायकोच्या थोरल्या मावशींइतकी चौकस बाई अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरी नाही, आणि उमरग्याच्या पुढं हद्द ओलांडून थेट बसवकल्याणपर्यंत शोधत गेलात तरी सापडायची नाही. एरवी माणसं चौकस असतात ती शेजारी कोण आलं, कुणाच्या मुलीचं कुठं जमलं एवढ्यापुरती. मावशींना त्यात काडीचाही रस नाही. त्यांना वस्तू आतून कशी आहे ते हवं असतं. हायवेवर एखादा मोठा ट्रक उभा दिसला की त्या आम्हाला गाडी थांबवायला लावतात आणि ड्रायव्हरला विचारतात, ‘‘ही दोन चाकं वर का उचलून धरलीत?’’ तुळजापूरला देवीच्या दर्शनाला नेलं, तर रांग सोडून कवड्यांच्या माळा विकणाऱ्याकडं जाऊन बसतात, कारण कवडीला भोक पाडताना ती फुटत कशी नाही हे त्यांना आत्ताच्या आत्ता कळायला हवं असतं. समोरच्यानं काही सांगितलं की मान जराशी वाकडी करून म्हणतात, ‘‘हौदा?’’ माहेर सीमेवरचं, अर्धं कानडी. ‘हौदा’ म्हणजे ‘खरंच का’. आमच्या धाकटीला लहानपणी वाटायचं की या आजींना सारखा पाण्याचा हौद हवा असतो. एकदा तिनं त्यांचा हात धरून त्यांना परसातल्या हौदापाशी नेऊन उभं केलं. मावशींनी तिचं मन मोडलं नाही. त्या हौदात वाकल्या आणि शेवाळ एकाच बाजूला का धरलंय, असं उलट तिलाच विचारत बसल्या.

मावशी सरकारी दवाखान्यात हेड नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण उमरगा त्यांना अजून ‘सिस्टर’ म्हणूनच ओळखतं. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, अगदी उलट स्वभावाचे. हायवेलगत आंब्याची बाग, पलीकडं जिराईत जमीन, आणि दिवसाकाठी मोजकी चार वाक्यं. मावशींनी सकाळी विचारलेल्या प्रश्नाला ते संध्याकाळी उत्तर द्यायचे, तेही ‘‘असंल’’ एवढंच. बागेच्या आसपास चोऱ्यामाऱ्या वाढल्या होत्या त्या काळात काकांनी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला होता. ते रिव्हॉल्व्हर जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात असायचं. काका अधूनमधून दार लावून घेऊन ते पुसायचे. संसारभर बाकी सगळ्या प्रश्नांना ‘‘असंल’’ म्हणणाऱ्या काकांनी या एका वस्तूबद्दल मात्र मावशींना बजावून सांगितलं होतं, ‘‘ह्याचं काय इचारू नको.’’ आता मावशींसारख्या बाईला असं सांगणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

काका गेल्यावर सगळे धरूनच चालले होते की ती वस्तू आता सरकारजमा होणार. मावशींनी परवाना स्वतःच्या नावावर मागितला. चौकशीला बोलावलं तेव्हा मी बरोबर होतो. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, ‘‘सिस्टर, तुम्हाला कुणापासून धोका आहे का?’’

‘‘न्हाय.’’

‘‘मग कशाला हवंय?’’

‘‘शिकायचंय.’’

‘‘या वयात?’’

‘‘अटी वाचल्यात मी. खालचं वय लिहिलंय, वरचं न्हाय.’’

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताच्या पंख्याकडं पाहिलं. नेमबाजी शिकणार असल्याचं रीतसर लिहून दिलं, तपासण्या झाल्या, खेटे झाले आणि परवाना मिळाला. मग त्यांना सोलापूरजवळच्या एका नेमबाजी क्लबात नेण्याआणण्याचं काम माझ्याकडं आलं, कारण मावशींना गाडीच्या इंजिनातलं सगळं समजतं, फक्त गाडी चालवता येत नाही. रविवारी सकाळी धाराशिवहून निघून मी उमरग्याला जायचो, त्यांना घ्यायचो आणि सोलापूरचा रस्ता धरायचो. बायको म्हणायची, ‘‘सख्ख्या आईला तुम्ही इतकं फिरवलं नाहीत.’’ खरं तर मलाच त्या रविवारांची चटक लागली होती.

क्लबात शिकवायला एक निवृत्त हवालदार होते, सैन्यातल्या शस्त्रदुरुस्तीच्या कामात आयुष्य गेलेले. पहिल्याच दिवशी मावशींनी कागदावर गोळ्या झाडल्या. कागदाच्या जवळ जाऊन पाहिलं, तर भोकं वेडीवाकडी, कडा फाटून वर आलेल्या. नेम कुठं लागला याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ‘‘हे असं का फाटलं?’’ त्यांनी विचारलं. हवालदारसाहेब म्हणाले, ‘‘गोळीचं डोकं गोल आहे ना ताई, ती कागद कापत नाही, ढकलत जाते.’’ मग त्यांनी आपल्या डब्यातली दुसरी गोळी काढून तळहातावर ठेवली. डोकं सपाट, जणू कुणी शिशाची कांडी मधोमध कापून ठेवलीय. ती झाडून दाखवली. कागदाला पंचिंग मशीननं पाडावं तसं नेटकं गोल भोक पडलं. मावशींनी मान वाकडी केली, ‘‘हौदा?’’ म्हणाल्या, आणि तिथून पुढची काही वर्षं आमच्या घरात गोळी या विषयाशिवाय जेवण झालं नाही.

न जाणणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की बाकीचं जातं, पुंगळी मागं राहते आणि ती पुन्हा भरता येते. आपल्याकडं हे कुणी घरी बसून करायचं काम नव्हे. क्लबापाशी त्याची परवानगी होती आणि भरायचं काम हवालदारसाहेब स्वतः करत. त्यांच्या शेजारी स्टूल टाकून मावशी बसत आणि गोळ्या निवडत. एकेक उचलून, चष्म्याजवळ धरून, बुडाला ओरखडा आहे का, अंगावरची खाच सारखी आहे का, ते बघून वेगळी काढत. निवडून झाल्या की प्रश्न सुरू. शिसं मऊ, मग जोरात पाठवलं तर नळीत चिकटतं का? तांब्याचा कोट चढवलेली घ्यावी का? मग ती कागदासाठी उगाच महाग नाही का? खांदा असलेली गोळी सपाट आणि गोल यांच्या मधली, मग दोन्हीचे गुण येतात की दोन्हीचे दोष? पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट दाबलं नाही तर काय होतं? या शेवटच्याला हवालदारसाहेबांनी उत्तर दिलं, की एक बार उडाला की त्याच्या धक्क्यानं रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रातल्या बाकीच्या गोळ्या पुढं सरकतात आणि चक्र फिरायचंच अडतं. हे ऐकून मावशी इतक्या खूश झाल्या की परतीच्या वाटेवर नळदुर्गपर्यंत तेच बोलत होत्या. ‘‘बघा जावईबापू, एकीचा धक्का दुसरीला.’’

गोळ्या क्लबाबाहेर आणायच्या नसतात आणि मावशी नियमाच्या पक्क्या. त्यामुळं माझ्या बायकोला समजावून सांगायला त्यांनी कणकेच्या केल्या. आमच्या स्वयंपाकघरात परात पुढ्यात घेऊन त्यांनी गोल डोक्याच्या, सपाट डोक्याच्या, खांद्याच्या, पोकळ तोंडाच्या अशा एकेक हुबेहूब वळल्या, ओळीनं मांडल्या आणि लाटण्यानं दाखवत सगळं समजावलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि मग त्या सगळ्या वरणात सोडून शिजवल्या. पोकळ तोंडाच्या गोळीत वरण छान साठतं, असा शोध मावशींनी जेवताना लावला.

गोळी या शब्दानं घोटाळेही व्हायचे. एकदा माझी गाडी गॅरेजला होती म्हणून आम्ही एसटीनं निघालो. मावशी बसमध्येच मला सांगत होत्या, ‘‘डोकं सपाट असलं की गोळी हळूच दिलेली बरी. जोरात दिली की लांब जाऊन डगमगती.’’ पुढच्या सीटवरचे फेटेवाले आजोबा वळले आणि म्हणाले, ‘‘सिस्टर, मला बी दोन महिनं झालं डगमगल्यावानी होतंय. ती गोळी मला लिवून द्या की.’’ मावशी हसल्या नाहीत. त्यांनी आजोबांची पापणी खाली ओढून पाहिली, नाडी पाहिली, जेवणखाण विचारलं, आणि सोलापूर येईस्तोवर त्यांना दवाखान्यात जायला राजी केलं. उतरताना आजोबा मला म्हणाले, ‘‘बाईला गोळ्यातलं लई कळतंय.’’

नेमाचं म्हणाल तर मावशी फार पुढं गेल्या नाहीत. एका स्पर्धेत भाग घेतला, त्यात नंबर जवळजवळ शेवटून मोजावा लागला. पण त्यांच्या कागदावरची भोकं सगळ्यांत देखणी होती. एका भोकाची कड जास्त गुणांच्या रिंगणाला टेकली आहे की नाही यावर त्या परीक्षकाशी इतका वेळ बोलल्या, की शेवटी त्यानं भिंग आणून मान्य केलं. त्यानं निकालात काहीच फरक पडला नाही. मावशींचा दिवस मात्र सोन्याचा झाला. तो कागद त्यांनी घरी कॅलेंडरच्या जागी लावला होता आणि तारीख बघायला शेजारी जायच्या.

मी एकदा गाडीत सहज विचारलं, ‘‘मावशी, तुम्हाला कधी भीती नाही वाटत त्या वस्तूची?’’ त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग सांगितलं, की नोकरीला नव्या लागल्या होत्या तेव्हा भावाभावांच्या शेताच्या भांडणात एकाला गावठी बंदुकीची गोळी लागली होती. डॉक्टर रजेवर. जखम दाबून धरून मावशी त्याच्याबरोबर जीपमधून सोलापूरला निघाल्या. ‘‘सारखा विचारत होता, सिस्टर, गोळी आत हाय का बाहेर गेली? मला सांगता येईना. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दवाखाना यायच्या आधी गेला.’’ सपाट डोक्याच्या गोळीवर त्यांचा इतका जीव का, ते मला त्या दिवशी थोडंसं कळलं. ती कागदासाठीच केलेली होती.

मग गेल्या वर्षी ते घडलं. रविवार होता आणि मी नेहमीसारखा मावशींना न्यायला उमरग्याला पोचलो होतो. घरात त्यांचा पुतण्या बसलेला. हा काकांच्या धाकट्या भावाचा मुलगा. मावशींची जमीन तोच कसतो. माणूस कष्टाळू, पण डोक्यात राग लवकर जातो. शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावरून त्याचं वर्षभर धुमसत होतं आणि दुसऱ्या दिवशी सरकारी मोजणी ठरली होती. मावशींनी आम्हा दोघांना चहा दिला.

‘‘काकू, उद्या मोजणीला तुमी पायजे,’’ तो म्हणाला.

‘‘येते की. जमीन माझी हाय.’’

‘‘पर्समधी ते बी घ्या.’’

‘‘ते म्हंजे?’’

‘‘काकांचं पिस्तूल.’’

‘‘रिव्हॉल्व्हर,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘कशाला?’’

‘‘दरसाल वीतभर बांध नांगरतोय त्यो, अन् वर हसतोय. एकदा डोळ्याला दिसलं की बसंल गप. अन् काकू, त्यात त्या कागदाच्या गोळ्या नगं. चांगल्या भरा.’’

मावशींनी मान वाकडी केली. मला वाटलं आता भडकतील. पण आवाज नेहमीचाच होता, ट्रकच्या ड्रायव्हरला विचारावं तसा. ‘‘चांगल्या म्हंजे कसल्या?’’

‘‘जोरकस.’’

‘‘किती लांबनं मारायची?’’

‘‘मारायची कुठं म्हणतोय मी?’’

‘‘गोळी निवडायची तर अंतर कळाया लागतं. त्यो जवळ उभा ऱ्हाईल का बांधापलीकडं? अंगात काय घालतो, सदरा का जाड स्वेटर?’’ पुतण्या कप हातात धरून बघत राहिला. मावशी समजुतीनं सांगत होत्या. ‘‘तांब्याच्या कोटाची भरली तर आरपार जायची. मग त्याच्या मागं कोण हाय ते बघाया पायजे. मोजणीवाला असंल, न्हाईतर तुझा बाप. पोकळ तोंडाची आपल्याला मिळत न्हाय, पण धर मिळाली. ती आत गेल्यावर फुलती आणि बाहेर येत न्हाय. पोट उघडावं लागतं. इथं पोट उघडणारा डॉक्टर रोज नसतो. सोलापूरला न्यावं लागंल. कुणाच्या गाडीतनं नेऊ, तुझ्या? मी मागं बसीन जखम दाबून. त्यो वाटंत मला विचारंल, सिस्टर, गोळी आत हाय का बाहेर? आता मला सांगता येईल.’’

चहावर साय धरली. पुतण्याचा चेहरा उतरला होता, पण माझ्यासमोर त्याला मागं सरता येत नव्हतं. तो उठला आणि चपला घालताना म्हणाला, ‘‘तुमाला जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या. घरातली वस्तू हाय. कपाट मला बी ठाऊक हाय.’’

तो गेल्यावर मावशींनी कप विसळून ठेवले. मग कपाट उघडलं, धोतराच्या तुकड्यातलं रिव्हॉल्व्हर काढलं, चक्र उघडून रिकामं असल्याची खात्री केली, काकांच्या वेळची उरलेली काडतुसं घेतली आणि म्हणाल्या, ‘‘जावईबापू, आज सोलापूर नको. पोलीस ठाण्यात घ्या.’’

गाडीत त्या म्हणाल्या, ‘‘मला वाटलं, विचारत गेले की त्याचं त्याला कळंल.’’

‘‘कळलं असेल, मावशी.’’

‘‘मग कपाटाचं कशाला बोलला?’’

मी गाडी ठाण्याच्या आवारात घेतली.

ठाण्यात ड्यूटीवरचा पोलीस त्यांच्या ओळखीचाच निघाला. उमरग्यात सगळेच त्यांच्या ओळखीचे. तो म्हणाला, ‘‘सिस्टर, हत्यारं निवडणुकीत जमा करत्यात. सध्या निवडणूक न्हाय, मग कशाला?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘घरात ठेवणं बरं न्हाय सध्या. ठेवून घ्या.’’ त्यानं नंबर ताडून पाहिला, पावती लिहिली. धोतराचा तुकडा मात्र वस्तूबरोबर जमा करून घेता येत नाही म्हणाला आणि टेबलावरून परत सरकवला. मावशींनी त्याची घडी घातली. ती नीट बसेना म्हणून पुन्हा उलगडून परत घातली आणि पर्समध्ये ठेवली. येताना त्यांनी रस्त्यात कुठंच गाडी थांबवायला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून मोजणीला गेलो. मावशी सगळ्यांच्या आधीच बांधावर जाऊन उभ्या होत्या. शेजारी आला, त्याचे दोन मेहुणे आले, ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आला. पुतण्या आपल्या माणसांना घेऊन या बाजूला. मोजणीवाल्यानं साखळी काढायच्या आत मावशी दोन्हीकडं ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, ‘‘आमच्या घरातलं रिव्हॉल्व्हर मी काल ठाण्यात जमा केलंय. पावती हाय, बघायची असंल तर बघा. आमच्याकडनं कुणी काही घेऊन आलेलं न्हाय.’’ पुतण्या खाली मान घालून ढेकूळ फोडत राहिला. शेजारी नुसता बघत होता. असं काही असू शकतं हेच त्याच्या मनात नव्हतं. मग तो मेहुण्यांशी हलक्या आवाजात काहीतरी बोलला आणि ट्रॉली वळवून लांब बाभळीखाली उभी केली गेली. तिच्यात गोणपाटाखाली कुऱ्हाडी होत्या, हे आम्हाला नंतर शेजाऱ्याच्याच तोंडून कळलं.

मोजणी दुपारपर्यंत चालली. वरच्या अंगाला शेजारी आत आला होता आणि ओढ्याच्या अंगाला आमचा पुतण्या. दोघांनाही ते आवडलं नाही, आणि दोघांनाही काही म्हणता आलं नाही. दगड रोवले गेले. मधल्या वेळात मावशी मोजणीवाल्याला, साखळी उन्हात लांबते का, असं विचारत होत्या. पण उत्तर येईपर्यंत त्यांचं लक्ष पुतण्याकडं गेलेलं असायचं.

पुतण्या त्यानंतर बरेच महिने बोलला नाही. नंतर एकदा विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा न बोलावता आला, दुरुस्त करून दिली, उभ्याउभ्या चहा घेतला आणि गेला. तेवढंच. रिव्हॉल्व्हर मावशींनी परत आणलं नाही. परवान्याची मुदत संपत आली तेव्हा, नको म्हणून लिहून दिलं. मी म्हटलं, ‘‘आता तर सगळं शांत आहे, मावशी. काकांची आठवण आहे ती.’’ त्या म्हणाल्या, ‘‘ते ‘इचारू नको’ का म्हणत होते, ते मला लई वर्षांनी समजलं. त्यांना बी त्याची धास्ती वाटायची. मला वाटायचं, माझ्यापासून लपवतायत.’’

क्लबात मात्र आम्ही अजून जातो. मावशी हवालदारसाहेबांच्या शेजारी स्टुलावर बसतात आणि दुसऱ्यांसाठी गोळ्या निवडून देतात. मागच्या महिन्यात सगळे नेमबाज गेल्यावर हवालदारसाहेबांनी क्लबाचं रिव्हॉल्व्हर त्यांच्यापुढं धरलं. ‘‘ताई, आज तुमच्याच हातच्या निवडलेल्या गोळ्या भरल्यात. एक फेरी मारा.’’ मावशी उठल्या, रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या, शिकवल्याप्रमाणं पाय रोवले आणि हात समोर धरला. मी मागून बघत होतो. त्या तशाच उभ्या राहिल्या. समोरचा कागद वाऱ्यानं थोडा हलला, मग थांबला. मग त्यांनी हात खाली घेतला, चक्र उघडून काडतुसं काढली आणि रिव्हॉल्व्हर परत दिलं.

‘‘हात कापतोय आज,’’ त्या म्हणाल्या.

हवालदारसाहेबांनी मान हलवली. त्यांनीही पाहिलं होतं आणि मीही. हात जराही कापत नव्हता.